पेडलबोर्डाचा वीजपुरवठा निवडताना

काही वर्षांपूर्वी माझ्या पेडलबोर्डावर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पेडल ज्यावर मांडतात त्या फळीवर, पहिला डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारे पेडल) आला आणि त्याच संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायरमधून एक बारीक, उंच शीळ ऐकू येऊ लागली. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ती थांबत नसे आणि डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारे पेडल) सुरू करताच कितीतरी पटींनी वाढे. मी आधी पेडलांना एकमेकांशी जोडणाऱ्या पॅच केबल बदलल्या, मग गिटारच्या आतले शिल्डिंग करून घेतले आणि शेवटी वाजवणे थांबल्यावर आवाज बंद करणारा एक नॉइज गेट विकत घेतला. गेटमुळे हात थांबल्यावर शांतता मिळाली खरी, परंतु सूर लांबवला की तो विरत असताना शीळ पुन्हा वर येई.

खरे तर उत्तर त्या लक्षणातच होते. डिले माझ्या बोर्डावर डिस्टॉर्शनच्या नंतर जोडलेला होता. म्हणजे त्याचा आवाज सिग्नलच्या वाटेने डिस्टॉर्शनमध्ये शिरणे शक्यच नव्हते. तरीही डिस्टॉर्शन त्याची शीळ मोठी करत होते, याचा अर्थ ती दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने तिथे पोहोचत होती, आणि चारही पेडलांना जोडणारी दुसरी वाट एकच होती : एका अ‍ॅडॉप्टरवरून निघालेली डेझी चेन, म्हणजे एकाच वायरीतून सर्व पेडलांना वीज देणारी साखळी. मी डिस्टॉर्शनची वायर काढून त्यात ९ व्होल्टची साधी चौकोनी बॅटरी घातली आणि शीळ नाहीशी झाली. ज्यांच्या बोर्डावर असा त्रास आहे त्यांनी एक पैसाही खर्च करण्याआधी हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

असे का होते, हे समजून घेतले की पुढची निवड बरीच सोपी होते. डिजिटल पेडलाच्या आत ठरावीक गतीने चालणारे घड्याळ असते आणि ९ व्होल्टचे ५ किंवा ३.३ व्होल्ट करणारे स्विचिंग सर्किट असते. त्यामुळे ते पेडल वीज सलग न घेता झटक्याझटक्याने घेते. डेझी चेनमध्ये सर्व पेडलांची ऋण बाजू एकाच वायरीने जोडलेली असते आणि ती वायर कितीही चांगली असली तरी तिला थोडा रोध असतोच. त्या रोधावर प्रत्येक झटक्याबरोबर सूक्ष्म विद्युत्दाब तयार होतो. शिवाय हीच ऋण बाजू पॅच केबलच्या जाळीतूनही जोडली गेलेली असल्याने एक बंद वेटोळे, म्हणजेच ग्राउंड लूप तयार होतो आणि तो सूक्ष्म दाब गिटारच्या सिग्नलमध्ये मिसळतो. नुसत्या स्वच्छ आवाजावर तो कदाचित जाणवणारही नाही. परंतु जे सर्किट सिग्नल शेकडो पटींनी वाढवण्यासाठीच बांधलेले आहे, ते त्यालाही तितकेच वाढवते.

आयसोलेटेड पॉवर सप्लायमध्ये प्रत्येक आउटलेटसाठी ट्रान्सफॉर्मरवर स्वतंत्र वेढे असतात, त्यापुढे स्वतंत्र रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) आणि स्वतंत्र रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारा) असतो. दोन आउटलेटांच्या ऋण बाजूंमध्ये आतून कोणताही संबंध नसल्यामुळे पेडलांना जोडणारी जमीन, म्हणजे ग्राउंड, फक्त पॅच केबलची उरते आणि वेटोळे पूर्ण होत नाही. मात्र बाजारात ‘आयसोलेटेड’ असे छापलेल्या काही स्वस्त डब्या प्रत्यक्षात धातूच्या पेटीत घातलेली डेझी चेनच असतात. ते ओळखण्याचा मार्ग सोपा आहे : डबी विजेला न जोडता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी तपासण्याच्या खुणेवर) ठेवावा आणि दोन आउटलेटांच्या मधल्या पिनांना त्याची टोके लावावीत. बीप वाजली तर त्या दोन बाजू आतून जोडलेल्या आहेत. मी मल्टिमीटर खिशात घेऊनच दुकानात जातो आणि आजवर कोणत्याही दुकानदाराने त्याला हरकत घेतलेली नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने महागडा सप्लाय घ्यावा असा नाही. ज्याच्याकडे तीनचार अ‍ॅनालॉग (आत डिजिटल सर्किट नसलेली) पेडल आहेत, त्याला एक चांगला रेग्युलेटेड अ‍ॅडॉप्टर आणि डेझी चेन पुरेशी आहे. डिजिटल पेडल एकच असेल, तर त्याला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर देऊनही काम भागते. मात्र डिजिटल पेडल आणि जास्त गेनचे, म्हणजे सिग्नल फार वाढवणारे, डिस्टॉर्शन एकाच पुरवठ्यावर ठेवू नये, या मतावर मी ठाम आहे.

खरेदीआधी प्रत्येक पेडलाच्या पाठीवरचे तीन तपशील कागदावर लिहून काढावेत : व्होल्ट, मिलिअँपिअर आणि पोलॅरिटी (प्लगच्या मधल्या टोकाला धन की ऋण). यांपैकी मिलिअँपिअरविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. पुरवठा ५०० मिलिअँपिअरचा असला म्हणून तो पेडलात तेवढा प्रवाह ढकलत नाही. पेडल आपल्याला हवा तेवढाच घेते. त्यामुळे पुरवठ्याचा आकडा मोठा असल्याने काहीच बिघडत नाही, लहान असल्याने मात्र बिघडते. फरकही केवढा असतो पाहा : बॉसच्या डीएस-१ ला १० मिलिअँपिअरसुद्धा लागत नाहीत, त्याच कंपनीच्या डीडी-८ या डिलेला ६५ लागतात, स्ट्रायमनच्या टाइमलाइनला ३०० लागतात आणि लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पबरोबर ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर येतो. व्हूडू लॅबच्या पेडल पॉवर २ प्लसमध्ये आठ आयसोलेटेड आउटलेट आहेत, परंतु त्यांतले पहिले चार प्रत्येकी १०० मिलिअँपिअरचेच आहेत. तो अ‍ॅनालॉग पेडलांच्या काळाचा हिशेब आहे. सिओक्सच्या डीसी७ मध्ये सातही आउटलेट ९ व्होल्टवर ६६० मिलिअँपिअर देतात. बेरीज पुरेशी आहे एवढे पाहून भागत नाही. प्रत्येक आउटलेटाचा आकडा त्याच्यावरच्या पेडलाशी ताडून पाहावा आणि थोडी शिल्लक ठेवावी.

व्होल्टच्या बाबतीत सावधगिरी जास्त हवी. काही ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शनची पेडल) १८ व्होल्टवर अधिक मोकळे वाजतात, हे मी स्वतः ऐकले आहे. पण अनेक पेडलांमध्ये व्होल्टेज दुप्पट किंवा उलट करणारी मॅक्स १०४४ ही चिप असते आणि तिची मर्यादा १०.५ व्होल्ट आहे. तिला १८ व्होल्ट दिले की ती जळते. निर्मात्याने स्पष्ट लिहिले असेल तरच ९ च्या वर जावे.

पोलॅरिटीचा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही, कारण आजची बहुतेक पेडल मध्य-ऋण असतात. अपवाद जुन्या धाटणीच्या फझ या डिस्टॉर्शनच्या प्रकाराचा. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटरने काढलेल्या फझ फेसमध्ये पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते आणि त्याची जमीन बॅटरीच्या धन टोकाला होती. असे पेडल इतरांबरोबर डेझी चेनवर लावले, तर पॅच केबलच्या जाळीतून धन आणि ऋण थेट एकमेकांना भिडतात आणि पुरवठा शॉर्ट होतो. त्याला पूर्ण आयसोलेटेड आउटलेट तरी द्यावा किंवा बॅटरीवर तरी चालवावे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे भिंतीतली वीज. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला ट्रान्सफॉर्मरवरचा सप्लाय फक्त १२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. लेबलवर ‘१००–२४०’ आहे का, हे आधी वाचावे. उलट अडचण गणेशोत्सवाच्या मांडवात आणि जत्रेच्या कार्यक्रमात येते, जिथे जनरेटरवर किंवा लांबून ओढलेल्या वायरीवर दाब १८० व्होल्टपर्यंत उतरू शकतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमध्ये आतला दाबही त्याच प्रमाणात उतरतो, रेग्युलेटरला लागणारे वरचे सुमारे २ व्होल्ट उरत नाहीत आणि १०० हर्ट्झची घरघर आवाजात येते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा सूर ९८ हर्ट्झचा असल्यामुळे त्या सुरावर ही घरघर फार त्रासदायक रीतीने हेलकावते. स्विचिंग पद्धतीचे सप्लाय अशा दाबावरही स्थिर राहतात, म्हणून बाहेरच्या कार्यक्रमांसाठी मी तेच वापरतो.

घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असे कधीही करू नका. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे वेल्समधील स्वॉन्सी येथे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरमार्फत जमिनीशी जोडलेल्या असतात आणि ओठ माइकजवळ असतात. या दोन बाजूंमध्ये दाबाचा फरक आला, तर तो आपल्या शरीरातूनच वाट काढतो.

सध्या माझ्या बोर्डावर सहा पेडल आहेत आणि सहाही स्वतंत्र आउटलेटांवर आहेत. धन जमिनीच्या फझला उलट पोलॅरिटीची वायर लागते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना मी लाल टेप गुंडाळली आहे, म्हणजे अंधाऱ्या विंगेत घाईने बोर्ड मांडताना ती दुसऱ्या पेडलात जाणार नाही.