खारं पाणी, रेती आणि पंपाचा स्लीव्ह : स्टेनलेसचा ग्रेड ठरवताना

पंपाच्या शाफ्टवरचा स्लीव्ह, म्हणजे शाफ्टऐवजी स्वतः झिजणारी नळी, बदलायचा होता. पाणी खारं, त्यात बारीक रेती. जुना स्लीव्ह ३०४ या नेहमीच्या स्टेनलेस ग्रेडचा. ग्रेडचे तक्ते उघडण्याआधी मी तोच पुसून भिंगाखाली धरला. ग्लँड पॅकिंग (गळती रोखणारी दोरी) बसतं तिथे नखाला अडतील असे गोल चर, आणि ओ-रिंगच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. चर रेतीचे, खड्डे खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडचे. दुखणी दोन, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं.

झीज म्हटलं की ४४०सी हे कडक करता येणारं स्टेनलेस आठवतं. हार्डनिंगनंतर ५८ एचआरसीच्या (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) आसपास जातं. क्रोमियम १६ ते १८ टक्के, म्हणजे कागदावर ३१६ इतकंच. पण कार्बन १ टक्क्याच्या घरात, आणि तो बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकवून ठेवतो. गंज रोखायला उरतं ते मोकळं क्रोमियम, आणि खाऱ्या पाण्यात ते पुरत नाही. टेम्परिंग (हार्डनिंगनंतर पुन्हा तापवणं) ४२५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर आणखीच कमी. ४२० या कडक होणाऱ्या दुसऱ्या ग्रेडचीही तीच गत.

३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने खड्डे कमी पडतात, पण ते ३०४सारखंच मऊ, आणि हीट ट्रीटमेंटने कडक होत नाही. १७-४ पीएच हे हीट ट्रीटमेंटने कडक होणारं स्टेनलेस एच९०० या त्याच्या सर्वात कडक स्थितीत ४० एचआरसीच्या पुढे जातं. रेतीपुढे तेवढ्याने भागत नाही.

म्हणून अंग ३१६एलचं (कमी कार्बनचं ३१६) आणि वर एचव्हीओएफने, म्हणजे अतिवेगवान ज्वालेच्या फवाऱ्याने, टंगस्टन कार्बाइडचा थर. बाइंडर, म्हणजे कार्बाइडचे कण धरून ठेवणारा धातू, कोबाल्ट-क्रोम मागितला. नुसता कोबाल्ट खाऱ्या पाण्यात लवकर खाल्ला जातो. थराच्या जागी त्रिज्येत ०.२५ मिमी खोल टर्निंग, कोपरे गोल, कारण धारदार कोपऱ्यावर थर उडतो. शेवटचं ग्राइंडिंग डायमंड व्हीलने. अंग साध्या स्टीलचं ठेवायचा मोह होतो, पण थराला सूक्ष्म छिद्रं असतातच. पाणी आत शिरतं, खालून गंज धरतो आणि वरचा महागडा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

माल ताब्यात घेताना चुंबक लावून उपयोग नाही, ३०४ आणि ३१६ त्याला सारखेच. मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी किंवा पीएमआय (उपकरणाने मिश्रधातूतले घटक ओळखणारी तपासणी) हीच करावी.

शाफ्टही ३१६चा असल्याने स्लीव्हच्या बोअरला अँटी-सीझ पेस्ट लावली. एकाच धातूचे असल्याने कोरडा सरकवला तर अर्ध्यावर शाफ्टला चिकटून बसतो, आणि मग कापूनच काढावा लागतो.