वायटोमोचा अंधार आणि आई

गेली चार वर्षं मी ऑकलंडमध्ये एका वृद्धनिवासात रात्रपाळी करते. रात्री अकराला हजर व्हायचं, सकाळी सातला सुटायचं, घरी येऊन साडेआठच्या सुमारास झोपायचं. आई फेब्रुवारीत आली आणि तिला माझं हे झोपणं बघवेना. दुपारी बारा वाजले की ती खोलीत यायची आणि पडदा बाजूला सारायची. "ऊठ गं, ऊन केवढं वर आलंय. दोन घास खा, मग हवं तर परत पड." दिवसाढवळ्या खोलीत अंधार करून माणूस झोपतं ते आजारी असल्यावरच, असं तिचं पक्कं मत. मी कधी बोलले नाही. तीन महिन्यांसाठी आलेल्या आईशी पडद्यावरून काय वाद घालायचा?

मार्चमध्ये एक रविवार मोकळा मिळाला आणि आम्ही दोघी वायटोमोला, चमकणाऱ्या किड्यांच्या गुहा बघायला, गेलो. ऑकलंडहून साधारण दोनशे किलोमीटर. गाडी आहे माझ्याकडे, पण ओळीनं चार रात्री काम केल्यावर जाऊन-येऊन पाच तास गाडी हाकायची माझी तयारी नव्हती. म्हणून गाईडसकट बसची एका दिवसाची ट्रीप घेतली. सकाळी सातला बस, आम्ही वीसेक माणसं, आणि गाडी चालवता चालवता माइकवरून माहिती सांगणारे साठीचे एक गृहस्थ.

शहर संपता संपता चढ लागतो, तिथं मोठी पाटी आहे: बॉम्बे. आईनं ती मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हरकाकांनी तेवढ्यात सांगितलंच, की एकोणिसाव्या शतकात 'बॉम्बे' नावाच्या जहाजातून आलेले लोक इथं वसले, म्हणून गावाला जहाजाचं नाव पडलं. आई बराच वेळ मागे वळून ती टेकडी बघत होती. पुढे वायकाटो नदी रस्त्याला येऊन मिळते. ४२५ किलोमीटर लांबीची, या देशातली सगळ्यांत लांब नदी. त्यानंतर गवताची कुरणं आणि गाई, गाई आणि कुरणं. तिथं मला डुलकी लागली.

जाग आली ती पुनिऊ नदीच्या पुलाजवळ. काका सांगत होते की इथून पुढचा मुलूख म्हणजे किंग कंट्री. १८६३-६४ साली इंग्रजी सैन्यानं वायकाटो घेतलं तेव्हा माओरींचा, म्हणजे इथल्या मूळ लोकांचा, राजा आणि त्याचे लोक या नदीपलीकडे आले आणि जवळपास वीस वर्षं त्यांनी गोऱ्यांना इकडे येऊ दिलं नाही. त्यानंतर रेल्वेची बोलणी झाली, मोजणीदार आले, आणि मगच बाहेरच्या जगाला या गुहा कळल्या. मला हे ऐकून बरं वाटलं. ट्रीपला निघालं की माणूस थेट तिकीटखिडकीशी पोचतो. ही जमीन कुणाची, ते वाटेतच कुणी सांगितलं तर पाय जरा जपून पडतो.

वाय म्हणजे पाणी, टोमो म्हणजे जमिनीतलं भोक. पाणी आत शिरतं ती जागा. इथल्या माओरींना ती पूर्वीपासून ठाऊक होती, पण आत फारसं कुणी गेलं नव्हतं. १८८७ मध्ये इथले प्रमुख टाने टिनोराऊ आणि फ्रेड मेस नावाचा इंग्रज मोजणीदार हे दोघं हरकेकेच्या, म्हणजे इथल्या घायपातीसारख्या झाडाच्या, देठांचा तराफा बांधून मेणबत्त्यांच्या उजेडात नदीबरोबर आत शिरले. पुढे टिनोराऊंनी एकट्यानं जाऊन वरच्या अंगाचं दार शोधलं. आज आपण जातो ते त्याच दारानं. १८८९ पासून ते आणि त्यांच्या पत्नी हुटी स्वतः लोकांना गुहा दाखवायला लागले. १९०६ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली आणि १९८९ मध्ये त्यांच्या वंशजांना परत दिली. आम्हाला आत नेणारा मुलगा त्याच घराण्यातला. पंचविशीचा असेल. "किया ओरा" म्हणून त्यानं सगळ्यांचं स्वागत केलं आणि पहिलीच गोष्ट सांगितली: आत फोटो काढायचे नाहीत, भिंतींना हात लावायचा नाही, आणि मी गप्प झालो की तुम्हीही गप्प व्हायचं.

दाराशी आईनं मला विचारलं, "काजवेच ना हे? आमच्या गावी ज्येष्ठात झाडंच्या झाडं पेटलेली असायची." मलाही वर्षभरापूर्वीपर्यंत तसंच वाटायचं. पण काजवा हा भुंग्याच्या जातीचा, कडक पंखांचा. तो उडतो, जोडीदाराला खुणावायला चमकतो. वायटोमोतला किडा मुळात माशी-डासांच्या कुळातला. 'अराक्नोकॅम्पा ल्युमिनोसा' त्याचं शास्त्रीय नाव, आणि न्यूझीलंडबाहेर ही जात कुठंच नाही. माओरीत त्याला टिटीवाय म्हणतात. आपल्याला दिसतो तो उजेड मुख्यतः अळीचा, आणि तो जेवणासाठी असतो. अळी छताला चिकटून राहते, रेशमाचे धागे खाली सोडते, प्रत्येक धाग्यावर चिकट थेंबांची माळ. नदीबरोबर आत आलेले चिलटांसारखे किडे त्या निळसर-हिरव्या उजेडाकडे उडतात आणि धाग्यात अडकतात. मग अळी तो धागा वर ओढून घेते. जिला जास्त भूक, तिचा उजेड जास्त.

पायऱ्या उतरताना आईचा गुडघा कुरकुरत होता. कठड्याला धरून आम्ही सावकाश उतरलो. तो मुलगा आमच्यासाठी दोनदा थांबला, आणि आम्हाला ओशाळवाणं वाटणार नाही असा थांबला. मध्ये उंच दालन आहे, त्याला कॅथीड्रल म्हणतात. अठराएक मीटर उंची, आवाज असा स्वच्छ घुमतो की किरी ते कानावा या नामवंत ऑपेरा गायिकेनं तिथं गाणं म्हटलेलं आहे. कुणी गाऊन दाखवता का, असं मुलानं विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि माझी आई, जी घरी देवापुढेसुद्धा पुटपुटतेच, तिनं "घालीन लोटांगण" म्हटलं. एकच कडवं. चुनखडीच्या त्या भिंतींनी तिचा आवाज उचलून असा काही परत दिला की शेवटच्या ओळीला ती स्वतःच थबकली. चाळीस वर्षांत मी आईचा आवाज इतका मोठा ऐकला नव्हता.

तिथंच मुलानं दाखवलं, की हवा मोजणारी उपकरणं बसवलेली आहेत. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आतल्या ओलाव्यात मिसळला की सौम्य आम्ल होतं आणि ते चुनखडी खातं. प्रमाण मर्यादेपुढे गेलं तर माणसांना आत सोडणं थांबवतात.

मग धक्का आणि होडी. होडीला इंजिन नाही, वल्हं नाही. वरून दोर बांधलेले आहेत, त्यांना धरून तो मुलगा होडी ओढतो. दिवा मालवला. एक वळण गेलं आणि काहीच दिसेना. स्वतःचा हातसुद्धा. मग डोळे हळूहळू सरावले आणि डोक्यावर ठिपके उमटायला लागले. आधी मोजण्याइतके, मग मोजता येणार नाहीत इतके, मग पाण्यातही तेच. वर किती उंच आहे, खाली किती खोल आहे, काही अंदाज येईना. फोटोंमध्ये हे आकाशगंगेसारखं दिसतं. प्रत्यक्षात तसं नाही. तारे लुकलुकतात, हे ठिपके अगदी स्थिर. कुणीतरी टक लावून बघत असावं तसे.

माझ्या मनात मात्र आमच्या निवासातला लांबलचक व्हरांडा आला. रात्री तीनला तिथले दिवे मंद केलेले असतात. खोलीतल्या माणसानं बटण दाबलं की दारावर छोटा दिवा लागतो. कुणाला पाणी हवं असतं, कुणाला खायला, कुणाला नुसतं कुणीतरी यायला हवं असतं. त्या दिव्यांकडे बघत मी चार वर्षं काढली आहेत. भुकेचा उजेड मला ओळखीचा होता.

एवढ्यात माझ्या हातून चूक झाली. आईला नीट धरायला मी हात वर घेतला आणि मनगटावरचं घड्याळ आपोआप पेटलं. त्या काळोखात तो चौकोन भयंकर वाटला. मुलगा हलक्या आवाजात एवढंच म्हणाला, "झाका ते, प्लीज." मी बाही ओढून घेतली आणि पूर्ण वाटभर हात मांडीखाली दाबून बसले. उजेड पडला की अळ्या आपला दिवा मंद करतात, आणि पुन्हा पूर्ण पेटायला वेळ घेतात. तेवढा वेळ त्यांची शिकार बुडते. दहा मिनिटांसाठी पाहुणी म्हणून आलेल्या मी कुणाचं तरी जेवण लांबवलं, हे मला खरोखर लागलं.

बाहेर झाडांच्या हिरव्या उजेडात होडी निघाली तेव्हा आईनं मला मुलाला एक प्रश्न विचारायला लावला: "आपण गेलो म्हणून त्यांची झोप मोडली का?" तो म्हणाला, "नाही, त्यांची कामाची वेळच ती. अंधार हेच त्यांचं कामाचं ठिकाण." त्यानं पुढचंही सांगितलं. अळी नऊएक महिने खाते, मग कोषात जाते, आणि कोषातून जी माशी निघते तिला खाण्याजोगं तोंडच नसतं. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि दोन-चार दिवसांत संपायचं. सगळं खाणं अळीपणीच उरकलेलं. आई म्हणाली, "म्हणून ती एवढी हावरी." आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं, "हावरी नाही. पुढच्याची तजवीज करते."

जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांवरचं ओटोरोहांगा हे गाव. तिथलं किवी हाऊस १९७१ पासून आहे. किवी हा पक्षी निशाचर. त्यामुळे त्यांच्या घरात रात्री दिवे लावतात आणि दिवसा अंधार करतात, म्हणजे आपण जातो तेव्हा त्यांची रात्र असते. मंद लालसर उजेडात आम्ही काचेशी उभ्या राहिलो. बराच वेळ नुसता पालापाचोळा. मग एक गोल, केसाळ आकार धावत आला. किवीची पिसं केसांसारखी असतात आणि नाकपुड्या थेट चोचीच्या टोकाला. चोच मातीत खुपसायची, हुंगायचं, फुस्स करून नाक मोकळं करायचं, पुन्हा खुपसायची. आई काचेला जवळजवळ नाक लावून बघत होती.

तिथल्या बाईंनी किवीचं अंडं दाखवलं. मादी अडीच-तीन किलोची आणि अंडं साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. आईनं मनात हिशोब केला आणि माझा दंड धरून म्हणाली, "साठ किलोच्या बाईनं दहा किलोचं मूल काढण्यासारखं झालं की गं." उत्तर बेटावरच्या तपकिरी किवीत अंडं उबवतो नर, अडीच महिन्यांच्या आसपास. पिल्लाला कुणी भरवत नाही. पोटात उरलेल्या बलकावर ते पहिले दिवस काढतं आणि मग स्वतः हिंडायला लागतं. इथंच त्याचा घात होतो. सशांचा बंदोबस्त म्हणून १८८० च्या दशकात स्टोट आणले, मुंगसाच्या अंगलटीचे शिकारी. ज्या रानात त्यांना आवर घातलेला नाही तिथं शंभरातली पाचेक पिल्लंच मोठी होतात. म्हणून रानातली अंडी उचलून आणतात, उबवतात, आणि पिल्लू किलोभराचं झालं, स्टोटला लाथ मारण्याजोगं झालं, की परत सोडतात. साऱ्या देशात आता सत्तर हजारांच्या आसपास किवी उरलेत. एखाद्या मध्यम गावाच्या लोकसंख्येएवढे.

बाकीचं भराभर बघितलं. काका नावाचा पोपट (उच्चार अगदी आपल्यासारखा, आईनं त्याला दोनदा हाक मारली). फिओ हे निळसर-करडं बदक, जे दहा डॉलरच्या नोटेवर आहे. आईनं पर्समधून नोट काढून चोच ताडून बघितली. आणि टुआटारा. पालीसारखा दिसतो पण पाल-सरड्यांच्या गणातला नाही. त्याच्या गणातले बाकीचे सगळे कोट्यवधी वर्षांपूर्वी संपले, हा एकटा उरला. शंभरीही पार करू शकतो. दहा मिनिटांत तो तसूभरही हलला नाही आणि आम्हीही नाही.

पण आईचं मन किवीतच होतं. बसकडे निघण्याआधी ती पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत गेली. मी मागोमाग. किवी कोपऱ्यात माती उकरत होता. आईनं बाईंना विचारायला सांगितलं, की दिवसा चुकून कुणी दिवे लावले तर? बाई म्हणाल्या, की मग त्याला वाटेल दिवस उजाडला. तो बिळात जाईल, खाणार नाही, त्याचं सगळंच बिघडेल. आई "हं" म्हणाली. परतीच्या वाटेत ती फारसं बोलली नाही. बॉम्बेची पाटी आली तेव्हा तिला झोप लागली होती.

सोमवारी रात्री मी कामावर गेले. मंगळवारी सकाळी आठला घरी आले, तोंड धुतलं आणि खोलीत शिरले. पडदे लावलेले होते. दोन पडद्यांमध्ये नेहमी बोटभर फट राहते, तिथून ऊन बरोबर माझ्या उशीवर पडतं. त्या फटीला वरपासून खालपर्यंत कपडे वाळत घालायचे सात चिमटे लावलेले होते. दाराच्या तळाशी गुंडाळलेलं लुगडं.

मी चार वाजता उठले. आई स्वयंपाकघरात अनवाणी उभी होती, आवाज होऊ नये म्हणून चपला दाराबाहेर काढून.