पारधीच्या आधी अणशीचं रान

तुळशीची लग्नं होऊन गेली होती आणि बेळगावच्या खानापूर तालुक्यात भाताची कापणी ऐन भरात होती. मामांच्या गावाला पोहोचलो, तर मामेभावानं घरात पाऊलसुद्धा ठेवू दिलं नाही, आधी शेतावर घेऊन गेला. रानाच्या अंगाची दोन खाचरं रानडुकरांनी पार झोपवली होती. लोंब्या चिखलात रुतलेल्या, मधे लोळणीचे खड्डे. डुकरांनी खाल्लं थोडं, तुडवलं त्याच्या कितीतरी पट. "रविवारी पारध काढायचं ठरलंय पोरांचं. तू पण ये की," तो म्हणाला. कुत्री, भाले, जाळी, सगळी जमवाजमव झाली होती.

मामांनी यावर काही मत दिलं नाही. रात्री जेवताना मात्र मला म्हणाले, "उद्या माझ्यासंगं अणशीला चल. पारधीचं मग बघूया."

मामांचे वडील परवान्याच्या बंदुकीनं शिकार करणारे. मामा मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्यामागं हाकेवाला म्हणून रानात हिंडलेले. त्यामुळं हा माणूस रान दाखवायला नेतो म्हटल्यावर मी बाकीची कामं बाजूला ठेवली.

खानापूरहून लोंढा, लोंढ्याहून रामनगर. इथवर गोव्याचाच हमरस्ता, ट्रकची वर्दळ सोडली तर सांगण्यासारखं काही नाही. रामनगरला मात्र चहाला थांबावंच. सुपा धरणात ज्यांची गावं गेली त्यांच्यासाठी वसवलेलं हे गाव. जुनं सुपा हे तालुक्याचं गाव होतं, ते काळी नदीच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. टपरीवर मराठी, कोंकणी, कन्नड तिन्ही भाषा एकाच वाक्यात ऐकू येतात. मामांनी तिथल्या एका म्हाताऱ्याशी जुन्या सुप्याच्या बाजाराच्या गोष्टी काढल्या आणि आमचा तासभर तिथंच गेला. त्या तासाचं मला जराही वाईट वाटलं नाही.

जोयडा, कुंभारवाडा करत अणशीकडं निघालं की रस्ता झाडांच्या आत शिरतो. कार्तिक सरला की शरद संपून हेमंत लागतो म्हणतात, पण पानगळ बघायची असेल तर इथं माघ-फाल्गुनाशिवाय येऊ नये. आत्ता सगळं हिरवं होतं, फक्त पावसाळ्यातलं ओलं काळपट हिरवं जाऊन त्यावर ऊन बसलेलं. ओढे वाहते होते. जळवा गेल्या होत्या. ओढ्याकाठच्या दगडांवर परीट शेपट्या हलवत फिरत होते, म्हणजे थंडीचे पाहुणे पोहोचले होते. माझ्या मते या रानात यायला याच्याइतका चांगला काळ नाही: वाटा वाळायला लागलेल्या असतात, पण चिखल पुरता सुकलेला नसतो, त्यामुळं जनावरांचा माग स्पष्ट उठतो.

अणशी हे १९८७ साली दांडेली अभयारण्यातून वेगळं काढून राष्ट्रीय उद्यान झालं. २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. ही नदी जोयडा तालुक्यातच डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. काळ्या बिबट्यासाठी हे रान प्रसिद्ध आहे. ती काही वेगळी जात नव्हे, बिबट्याच तो. उन्हात आला तर काळ्यावर काळे ठिपकेसुद्धा दिसतात. आम्हाला तो दिसला नाही आणि त्यासाठी आम्ही गेलोही नव्हतो.

वनखात्याची परवानगी काढून, एका वॉचरला बरोबर घेऊन, नेमून दिलेल्या वाटेनं आम्ही सकाळी आत गेलो. वॉचर तिथल्याच कुणबी वस्तीवरचा, तिशीतला. पहिला थोडा वेळ तो पुढं आणि मामा मागं असं चाललं. मग एका ओहोळापाशी मामा बसले आणि तिथनं पुढं दोघं बरोबरीनं चालायला लागले.

ओहोळाच्या कडेला तळहाताएवढा चिखल होता. त्यात चार-पाच खूर उमटलेले. मला नुसते खूर दिसले. मामांनी काडी घेतली आणि दाखवलं. "हे बघ, खुराच्या मागं दोन टिंबं हायत न्हवं? ते डुक्कर. भेकराचं एवढं उठत न्हाई." मग जरा बाजूचा मोठा, गोलसर ठसा. "ह्यो गवा. खूर फाकलाय पुढनं, म्हंजे घाईत गेलाय." वॉचर वाकला, ठशाच्या कडेला बोट लावून बघितलं. कडा अजून ओली होती, माती आत ढासळली नव्हती. "पहाटेचा," तो म्हणाला. मामांनी मान हलवली. गवा पाणी पिऊन वर चढलेला, त्याच्यामागं लहान खूर, म्हणजे मादी आणि वासरू, आणि घाईचं कारण पुढं वाटेवर पडलेलं होतं: केसांनी भरलेली पांढुरकी विष्ठा, एकाच जागी बरीच. कोळसुंद्यांचा कळप. रानकुत्री अशी एकाच ठिकाणी विष्ठा टाकतात. ही सगळी पहाट मी त्या दोघांच्या बोलण्यातून बघितली. जनावर एकही समोर नव्हतं.

चालता चालता मामांनी जुनी पारध सांगितली. सुगी सरली की बेत ठरायचा. आदल्या दिवशी एकजण माग काढून यायचा, कुठल्या दांडावर जनावर बसलंय ते सांगायचा. बंदूकवाले वाऱ्याच्या खालच्या अंगाला नाक्यावर बसायचे, हाकेवाले वरनं डबे वाजवत उतरायचे. बंदुका बहुतेक ठासणीच्या, एक बार गेला की दुसरा भरेपर्यंत जनावर निघून जायचं, म्हणून पहिल्या बाराला महत्त्व. वाटे सगळ्यांना समान, बार लागलेल्याला मुंडकं जादा, देवाचा वाटा निराळा. गाभण मादी मारायची नाही, पाण्यावर बसून मारायचं नाही, जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही. "रात झाली तर रात, पण शोधायचंच," मामा म्हणाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे थांबलं. आजोबांनी बंदूक भिंतीवरनं काढून ठेवली. मामांना त्याचं दुःख झालं होतं आणि ते त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. पण पुढं म्हणाले, "आमच्या डोळ्यांदेखत रान ओस पडत चाललं होतं. बंद झालं ते बरं झालं."

मला या माणसांविषयी मनापासून आदर आहे. आणि तरीही ती शिकार परत यावी असं मला वाटत नाही. आता जे चालतं त्यात तर त्यातलं काहीच उरलेलं नाही. क्लचच्या तारेचा फास लावून घरी जाऊन झोपायचं, यात माग काढणं नाही, ओळख नाही, नियम नाही. फास डुकरासाठी लावला तरी त्याला ते कळत नाही. बिबट्या अडकतो, अस्वल अडकतं. वॉचर सांगत होता, गस्तीत त्यांची निम्मी नजर वाटेवर तर निम्मी झुडपांच्या बुंध्यांवर, तारेसाठी असते.

मामांची विद्या आज जिवंत आहे ती या पोरांकडं. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते, तेव्हा हेच वॉचर आणि गार्ड आपापल्या बीटात, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, पायी फिरून ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे नोंदवतात. कॅमेरे त्यानंतर लागतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात २०१८ मध्ये कॅमेऱ्यात आलेला एक वाघ २०२० मध्ये या काळीच्या रानात पुन्हा कॅमेऱ्यात आला, २०० किलोमीटरहून जास्त अंतरावर. मधे तिलारी, चंदगड, आपला खानापूरचा भीमगड, हाच पट्टा पडतो. म्हणजे मामांच्या गावामागच्या रानात लावलेला एक फास या सगळ्या वाटेवर लावलेला असतो. हे मला नकाशात माहीत होतं, पण त्या दिवशी पायाखाली कळलं.

परतताना उंच झाडावर शेकरू दिसलं, एका फांदीवरून दुसरीवर झेप घेताना शेपूट मागं पताकेसारखी उडालेली. मग डोक्यावरनं धनेशाची जोडी गेली. पंखांचा आवाज आधी आला, पक्षी नंतर.

दुपारी वॉचरच्या घरी जेवलो. उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं सार, आणि परसातल्या कंदाची भाजी. जोयड्याचे कुणबी कितीतरी जातींचे कंद लावतात. त्याच्या आईनं वाढता वाढता सांगितलं, कंद तयार व्हायला लागला की डुकरं येतात, आणि परसात रात्रभर जागावं लागतं. मुलगा दिवसा रानात जनावरं राखतो, आई रात्री त्यांच्यापासून कंद राखते. या बाईला कायदा समजावून सांगण्याचा अधिकार मला नाही. नुकसानीची पुरेशी भरपाई वेळेवर मिळणं हा तिचा हक्क आहे. वाघाचं रान सगळ्या देशाला हवं असेल, तर त्याची किंमत एकट्या रानाकाठच्या घरानं का भरायची?

गावी पोहोचलो तेव्हा पोरं मामांच्या ओसरीवर जमलेलीच होती. मामांनी त्यांना ओहोळ सांगितला, कोळसुंदे सांगितले, तारेचं सांगितलं. रानडुक्करसुद्धा परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा दाखल होतो, हे मी सांगितलं. मामेभाऊ चिडला. "मग भात कुणी भरून द्यायचं?" त्याचा प्रश्न बरोबर होता. बराच वाद झाला, दोघंजण उठून गेले. शेवटी मामेभावानं मोबाईलवर खाचरांचे फोटो काढायचं कबूल केलं आणि मामांनी जमिनीचा उतारा कुठल्या पेटीत आहे ते मामींना विचारलं. सोमवारी दोघं अर्ज घेऊन जाणार, पंचनामा होईपर्यंत ती खाचरं तशीच ठेवायची, आणि तोवर पाळीपाळीनं माळ्यावर राखणीला बसायचं असं ठरलं. रविवारची रात्र मी मागून घेतली.