चार कॉम्बिनेशन, एक वही

लेथवर काम करणाऱ्याला दोन गोष्टी शाबूत लागतात: पाय आणि डोकं. एचआयव्हीच्या गोळ्यांनी आधी माझे पाय धरले, मग डोकं. पंधराएक वर्षांत चार कॉम्बिनेशन झाली. कुठल्या गोळीनं काय दिलं आणि काय नेलं, ते मी एका दोनशेपानी वहीत लिहीत आलोय. त्यातलं थोडं इथं लिहितो.

२००९ साली माझा सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, आला १७८. तेव्हा पॉझिटिव्ह निघाला की लगेच गोळ्या, असं नव्हतं. सीडी-४ ठरलेल्या आकड्याच्या खाली जावा लागायचा. रिपोर्ट आला की उपचार सुरू, हे २०१७ पासूनचं. मला थांबावं लागलं नाही, मी आधीच खाली होतो.

पहिलं कॉम्बिनेशन स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन. सकाळी आठ, रात्री आठ. नेव्हिरापिन पहिले चौदा दिवस दिवसातून एकदाच, अंगावर पुरळ येत नाही हे बघून मग दोनदा. चार महिन्यांत वजन ४३ वरून ५१ झालं, उद्यमनगरात कामावर परत गेलो. दीड वर्षानं तळपाय जळायला लागले. दुपारनंतर बूट काढून ओल्या फरशीवर पाय ठेवायचो. पेठेतल्या एका डॉक्टरनं ‘उभं राहून होतं’ म्हणत व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. त्याला तरी काय बोलणार, मी एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, घेतो हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मग गाल आत गेले. दाढी करताना जिभेनं आतून गाल फुगवून धरायला लागायचा, नाहीतर ब्लेड खड्ड्यात पोचायचंच नाही.

गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरला हे सांगितल्यावर स्टॅव्ह्युडिन काढून झिडोव्ह्युडिन दिलं. पायाची आग हळूहळू कमी झाली, बधिरपणा थोडा आजही आहे. पण दोन महिन्यांत रंकाळ्यावर संध्यामठापर्यंत चालताना दम लागायला लागला. हिमोग्लोबिन ६.८. हे औषध काहींच्यात रक्त तयार व्हायचंच कमी करतं, त्यातला मी एक. रक्ताची पिशवी चढवली आणि गोळी पुन्हा बदलली.

२०१२ ला आली टीएलई: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, एफाव्हिरेन्झ. रात्री एकच गोळी. टेनोफोव्हिरसाठी अधूनमधून किडनीसाठी क्रिएटिनिन तपासायचं, एवढंच. दोनाची एक गोळी झाली म्हणून मी खूश. तिसऱ्या रात्री स्वप्न पडलं: लेथवर जॉब पकडणाऱ्या चकाची चावी चकातच राहिलीय आणि कुणीतरी मशीन चालू केलंय. चावी उडताना इतकी स्पष्ट दिसली की ओरडत उठलो. सकाळी कामावर डोकं गरगरत होतं, माप घ्यायच्या व्हर्नियरवरची रेघ जागेवर थांबेना. त्या पाळीत तीन जॉब स्क्रॅप गेले. मालक जवळ येऊन म्हणाले, “काय मर्दा, रात्री जरा जास्तच झाली वाटतं?” मी मान खाली घातली. दारू प्यायलोय असं वाटू देणं खऱ्यापेक्षा सोपं होतं.

त्यानंतर दोन रात्री गोळी घेतलीच नाही. महिन्याला डबी मोजली तर दोन गोळ्या जास्त. काउन्सेलर मॅडम रागावल्या नाहीत, पण जे सांगितलं त्यानं घाम फुटला. एफाव्हिरेन्झ रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, बाकीची दोन त्याआधी निघून जातात. मग व्हायरससमोर ते एकटंच उरतं आणि त्याला दाद न द्यायला व्हायरस शिकतो. “दादा, त्रास झाला तर इथं येऊन सांगायचं. मनानं बंद करायचं नाही. बरं, जेवता काय आणि किती वाजता?”

वही उघडली. चक्करच्या फुल्या बघितल्या तर जास्त करून गुरुवारी आणि सोमवारी. कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको: बुधवार-रविवार रात्री मटण, वर तांबडा-पांढरा. तेलकट जेवणाबरोबर हे औषध रक्तात जास्त चढतं. मटण दुपारी आणलं, रात्री हलकं जेवण आणि गोळी अगदी झोपताना. महिनाभरात चक्कर गेली. स्वप्नं मात्र पुढं नऊ वर्षं सोबतीला होती.

२०१८ नंतर सेंटरला व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे, याची तपासणी सुरू झाली. माझा रिपोर्ट तेव्हापासून ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ येतोय, म्हणजे तपासणीत व्हायरस सापडत नाही.

२०२१ मध्ये टीएलडी, म्हणजे एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राविर. रात्री घेतली तर तीनपर्यंत टक्क जागा, म्हणून सकाळवर नेली. वजन सहा किलो वाढलं. भाचा फार्मसी शिकतोय, घरात बायको सोडून फक्त त्याला माहीत आहे. त्यानं मोबाइलवर २०१३ चा एक अभ्यास वाचून दाखवला. ४८ आठवड्यांनी डोल्युटेग्राविरवाल्या गटात ८८ टक्के लोकांचा लोड ५० च्या खाली, एफाव्हिरेन्झवाल्यांत ८१ टक्के. सोबतची औषधं दोन्हीकडं वेगळी होती, हेही त्यानं सांगितलं. मी म्हटलं, “सात टक्क्यांसाठी एवढा गाजावाजा?”

“मामा, खालची ओळ बघ. त्रासामुळं औषध सोडलेले इकडं २ टक्के, तिकडं १०.”

त्या दोन रात्री आठवल्या. मी त्या दहांत जाता जाता राहिलो होतो.

गेल्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन १००० दोन वेळा लिहिलं. या वेळी मी पिशवीतून एआरटीचं बुक काढून टेबलावर ठेवलं. हात थरथरत होता. त्यांनी पानं उलटली, सेंटरला फोन लावला आणि आकडा खोडून ५०० दोन वेळा केलं. डोल्युटेग्राविरमुळं मेटफॉर्मिन रक्तात वाढतं. पित्तावरच्या अँटासिडचंही विचारून घेतलं: टीएलडीनंतर दोन तासांनी घ्यायचं, आधी घेतलं असेल तर टीएलडीला सहा तास थांबायचं.

वहीत आता शुगरचा रकाना आखलाय. कारखान्यात परवा एक नवा पोरगा रात्रीची उतरायच्या आत कामावर आला, तर मालक त्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगत होते, “ह्यांच्याकडं बघ. २०१२ ला सोडली, परत हात लावला नाही.”