तुम्ही विचारलंत म्हणून: मग विझार्डच का नाही घेतलास?

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला आमच्या टेबलावर कुणी नवीन आलं की दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला हा प्रश्न हमखास येतो. माझं पात्र तोर्गा. क्लास बार्बेरियन, हातात दुहाती कुऱ्हाड, आणि मुक्काम पडला की ही बाई दिव्यापाशी बसून जुन्या ग्रंथांची नक्कल उतरवते. शत्रूच्या वाड्यात शिरली तरी तिची नजर आधी कपाटातल्या पुस्तकांवर जाते. मग कुणीतरी म्हणतंच, "अगं, पुस्तकांचं एवढं वेड आहे तर विझार्डच का नाही घेतलास?"

खेळ चालू असताना दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे जावं लागतं, कारण डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) खोळंबलेला असतो. इथे सावकाश सांगते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डीएम गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात, वागतात, आणि निकाल काय लागेल याची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. पात्राचा क्लास म्हणजे त्याचा पेशा. फायटर लढतो, विझार्ड अभ्यास करून मंत्र शिकतो, क्लेरिक देवाच्या बळावर जखमा भरतो, रोग (इंग्रजीतला rogue, आजार नव्हे) लपूनछपून काम साधतो. बार्बेरियन रेजमध्ये जातो, म्हणजे अंगात संचारल्यासारखा लढतो. पेशाबरोबर स्वभावही ठरलेला असतो अशी बहुतेकांची समजूत असते, आणि ती काही हवेतून आलेली नाही. एके काळी तो नियमच होता.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. चोर आला १९७५च्या ग्रेहॉक या पुरवणीत. क्लेरिकला धारदार शस्त्र चालत नसे, त्याने गदाच उचलायची. १९७८च्या प्लेअर्स हँडबुकात पॅलाडिन (धर्मासाठी लढणारा योद्धा) व्हायचं तर पात्र माणूसच हवं (एल्फ किंवा ड्वार्फ नको), वृत्तीने लॉफुल गुडच (नियमाने चालणारं, सज्जन) हवं आणि करिष्मा किमान १७ हवा. २००० साली तिसरी आवृत्ती आली, तिच्यात बार्बेरियन निरक्षर होता. त्याला वाचायला शिकायचं असेल तर दोन स्किल पॉइंट (कौशल्यं शिकण्यासाठीचे गुण) खर्च करावे लागत.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत हे बंधन उरलं नाही. आम्ही तीच आवृत्ती खेळतो. पण ते दोन पॉइंट मला फार आवडतात. ज्याने कुणी तो नियम लिहिला त्याला हे नक्की कळलं होतं की रानातल्या माणसाला अक्षरं फुकट मिळत नाहीत.

माझं उत्तर तिथेच आहे. विझार्डला पुस्तक आवडतं यात त्याचं काहीच खर्च होत नाही. वाचणं हीच त्याची ताकद, तेच त्याचं हत्यार. तोर्गाला पुस्तक आवडतं तेव्हा तिला प्रत्येक वेळी काहीतरी सोडावं लागतं. आणि एखादं माणूस कशासाठी काय सोडायला तयार आहे हे दिसलं की ते माणूस मला खरं वाटायला लागतं.

आता कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राचे आकडे लिहिलेल्या कागदावर, ही किंमत केवढी पडते ते बघा, कारण लोकांना वाटतं असं पात्र घेतलं की आपण पार्टीला, म्हणजे सोबतच्या पात्रांच्या गटाला, ओझं होतो. पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या सुरुवातीच्या पायरीवर, आमच्याकडे सहा गुणांना ठरावीक आकडे वाटून देतात: १५, १४, १३, १२, १०, ८. बार्बेरियन घेणारा माणूस साधारणपणे १५ ताकदीला, १४ काटकपणाला, १३ चपळाईला देतो आणि बुद्धीच्या वाट्याला ८ येतात. मी १३ बुद्धीला दिले आणि १२ चपळाईला. तोर्गा माणूस असल्यामुळे सगळ्यांत एकेक वाढला. हिशेब केला तर आर्मर क्लास (घाव चुकवण्याचा आकडा) १४ ऐवजी १३ झाला. झालं, लढाईत डोळ्यांत भरण्यासारखं नुकसान एवढंच! ताकद तीच, पहिल्या लेव्हलचे हिट पॉइंट (किती घाव सोसेल तो आकडा) तेच १४. बदल्यात सेज (विद्वान) हा बॅकग्राउंड, म्हणजे पूर्वायुष्य, घेतल्यामुळे इतिहास आणि आर्केना (जादूचं ज्ञान) या दोन्ही विषयांत तिला फाशावर +४ मिळतात. आमच्या विझार्डला +५ आहेत. म्हणजे जन्मभर अभ्यास केलेल्या माणसाच्या ती फक्त एक पाऊल मागे, आणि पुढे उभी राहून घाव झेलायला तयार.

तोर्गाचं गाव फर्गॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक जगात उत्तरेला, उथगार्ट टोळ्यांच्या मुलखात. त्याच जगात कँडलकीप नावाचं ग्रंथालय आहे, समुद्राकाठच्या कड्यावर गढीसारखं बांधलेलं. आत जायचं तर त्यांच्या संग्रहात नसलेलं एखादं पुस्तक द्यावं लागतं. हा नियम वाचला आणि तोर्गा मला पुरती दिसली. टोळीच्या वंशावळी तिला आजीकडून तोंडपाठ. त्या लिहून काढल्या तर जगात कुणाकडेच नाही असं पुस्तक तयार होईल आणि दार उघडेल. पण टोळीचं म्हणणं असं की पूर्वजांची नावं कागदावर गेली की ती कुणाच्याही हातात पडतात. ती दारापर्यंत पोचली आहे, वही अजून पूर्ण केलेली नाही.

राहिला रेज. नवीन लोक तिथे अडखळतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर आरडाओरडा करणारा दांडगा गडी असतो. नियमात ओरडायचं कुठेही लिहिलेलं नाही. नियम सांगतो ते असं: रेज फार तर एक मिनिट टिकतो, त्या वेळात शस्त्रांचा घाव निम्माच लागतो, ताकदीची कामं सोपी होतात, आणि मंत्र टाकता येत नाहीत किंवा चालू मंत्रावर एकाग्रता राखता येत नाही. या शेवटच्या कलमावरून डीएमने आणि मी मिळून आमच्यापुरतं ठरवलं की रेजमध्ये तोर्गाला वाचताही येत नाही. अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. मीसुद्धा तेवढा वेळ पूर्ण वाक्य बोलत नाही. "मागे." "दार." "मी." इतकंच. लढाईत तिला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट तिच्याकडून सगळ्यात आवडती गोष्ट काढून घेते. हे सगळं बार्बेरियनच्याच नियमांतून आलं. विझार्डच्या शीटवर मला ते शोधूनही मिळालं नसतं.

एका लढाईचं सांगते. बंदराखालचं तळघर, माणसं विकणाऱ्या टोळीचा अड्डा. दिवा लवंडला, तेल फळीवर पसरलं आणि पेट घेतला. फळीवर तीन वह्या. त्यातल्या एकीत विकलेल्या माणसांची नावं आणि ती कुठे पाठवली ते. लिपी ड्वार्फांची, ती आमच्यात विझार्डला आणि तोर्गाला येते, आणि विझार्डचे हिट पॉइंट शून्यावर जाऊन तो जमिनीवर पडलेला. डीएम म्हणाला, "एका टर्नमध्ये एकच वही हाताला लागेल. बाकीच्या जळतील. आणि तू रेजमध्ये आहेस." माझे अकरा हिट पॉइंट उरले होते, समोर कुऱ्हाडवाला. मी म्हटलं, "रेज सोडते." बोनस अ‍ॅक्शनने (पाळीतल्या जादा कृतीने) रेज आपणहून थांबवता येतो. अक्षरं पुन्हा लागली, तिने मधली वही उचलली. मग कुऱ्हाडवाल्याची पाळी. फासा लागला, घावाचे बारा पडले, वर तीन. पंधरा. रेज असता तर सात लागून ती उभी राहिली असती. तोर्गा वहीवर पालथी पडली. क्लेरिक खेळणाऱ्या मित्राकडे एकच स्लॉट (एक मंत्र टाकण्यापुरती ताकद) उरला होता आणि दोन माणसं पडलेली. त्याला निवड करावी लागली, आणि त्या निवडीवरून त्याच्या पात्राचं त्याच्या देवाशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

त्यामुळे कुणी म्हटलं की क्लासच्या विरुद्ध खेळणं म्हणजे स्वतःपुरती हौस, तर मला ते पटत नाही. नीट जमलं तर दुसऱ्यांच्या पात्रांनाही काम मिळतं.

नीट न जमलेलंही पाहिलं आहे. जखमा भरायला ठाम नकार देणारा क्लेरिक, लढाई दिसली की पळणारा फायटर. एक सेशन हसू येतं. नंतर बाकीचे चौघे मरायला टेकतात आणि उत्तर मिळतं, "माझं पात्रच असं आहे." तिथे क्लासचा साचा कुणी मोडलेला नाही, पार्टीचा भरवसा तेवढा मोडला. माझा नियम साधा आहे: क्लासचं जे काम पार्टीला हवं आहे ते चोख करायचं. ते कोण करतं, कशासाठी करतं आणि करताना त्याला काय वाटतं, हे मात्र सगळं आपलं.

आमच्यातला रोग याचा उत्तम नमुना आहे. हा गडी चोरी करत नाही. तो हाडवैद्य आहे. बॅकग्राउंड हर्मिट (एकांतवासी), त्यातून मेडिसिन मिळालं, आणि रोगला पहिल्या लेव्हलला जी एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य) मिळते तिच्यातली एक त्याने मेडिसिनवर लावली. मित्र शत्रूच्या अंगाला भिडलेला असेल तर रोगला स्नीक अटॅक (नेमक्या जागी जादा घाव) मिळतो. हा तेव्हा शांतपणे सांगतो की कुऱ्हाड उचलली की खांद्याचा सांधा कुठे उघडा पडतो. नियमांतला एक शब्दही बदललेला नाही. फक्त तो वार करतो तेव्हा टेबलावर कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण तोच सांधा तो उद्या कुणाचा तरी बसवणार असतो.

मी कुडाळकडची, दशावतार बघत वाढले, म्हणून मला यात कधी विसंगती वाटली नाही. राजपार्टी (राजाचं काम करणारा नट) तलवार घेऊन रंगमंचावर आला की मागच्या रांगेतल्या पोरालाही कळतं हा कोण ते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात, ते तिथल्या तिथे उभे राहतात, आणि तोच राजा एका नटाचा गर्विष्ठ होतो तर दुसऱ्याचा पोरका. वेश ओळखीचा असतो म्हणूनच हे जमतं. कुऱ्हाडवाली बार्बेरियन म्हणून टेबलाने तोर्गाला आधी ओळखलं, म्हणून तिने रेज सोडला तेव्हा सगळे दचकले.

पहिल्यांदाच खेळणार असाल तर मात्र मी सांगेन, खुशाल आरडाओरडा करणारा बार्बेरियन घ्या. त्यात काही कमी नाही. साच्यातलं पात्र मनापासून खेळलेलं मला विनाकारण उलट्या पात्रापेक्षा केव्हाही चालेल.

आणि हो, पुढच्या कॅम्पेनला मी विझार्डच घेते आहे. जहाजावरची खलाशी, दोर ओढून हात राठ झालेले, दोन शब्दांत काम भागवणारी. तिची मंत्रांची वही मेणकापडात शिवून कमरेला बांधलेली. एक नवा मंत्र वहीत उतरवायचा तर मंत्राच्या दर लेव्हलमागे दोन तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात, म्हणजे खलाशाच्या पगारात ती पानं भरता भरता जन्म जायचा. वही गेली तर त्या दिवशी तयार ठेवलेले मंत्र तेवढे पुन्हा लिहून काढता येतात, बाकीचे गेले. डीएमने शीट वाचलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हिला पोहता येतं ना?"