हाकेला ओ

अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' हे गाणं लागलं की मी अरीथाला सोडून मागच्या बायकांकडे कान लावते. पोळ्या लाटत असले तरी त्यांची जागा आली की लाटणं थांबतं. तव्यावरची पोळी करपली तर करपली. त्या मागच्या बायका म्हणजे अरीथाच्या सख्ख्या बहिणी, एर्मा आणि कॅरोलिन. गाणं मुळात ओटिस रेडिंग या गायकाचं, 1965 चं. त्यात कामावरून घरी आलेला पुरुष मान मागतो. दोन वर्षांनी अरीथाने तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं आणि सोबत बहिणींना उभं केलं. बाई एकटी बोलली तर ती कुरकुर, तिघी बोलल्या की तो ठराव.

ही सवय त्यांना घरातूनच लागलेली. वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्डी निघायच्या आणि दणक्यात खपायच्याही. मी त्यातली थोडी ऐकली आहेत. सुरुवात अगदी गप्पा मारल्यासारखी, मग आवाज चढत जातो आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते लक्षातही येत नाही. समोरची मंडळी मात्र पहिल्या वाक्यापासून गप्प नसतात. कुणी ओ देतं, कुणी टाळी देतं, कुणी 'आणखी सांगा' म्हणून उसकवतं. पाद्रीबुवांनी श्वास घेतला की तेवढी जागा लोक भरून काढतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून निघून सोल म्हणून जे संगीत पुढे जगभर वाजलं, त्यातलं मला सगळ्यात प्रिय काय असेल तर ही भरून काढलेली जागा.

गायक-पियानोवादक रे चार्ल्सने 1954 मध्ये चर्चच्या एका गाण्याची चाल उचलली आणि येशूच्या जागी प्रेयसी बसवली. भाविक मंडळी भडकली, आणि त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. ज्या स्वरात देवाला आळवायचं त्याच स्वरात हा गडी बाईचं कौतुक करत होता. पण त्याची खरी गंमत पुढची आहे. 1958 च्या डिसेंबरात एका रात्री कार्यक्रमातली गाणी संपली आणि वेळ उरला. त्याने वादकांना आणि मागे गाणाऱ्या मुलींना सांगितलं, मी सुरू करतो, तुम्ही माझ्या मागून म्हणा. शब्द फारसे नाहीतच. शेवटी शेवटी नुसते हुंकार, इकडून एक, तिकडून एक. 'व्हॉट आय से' हे गाणं असं तयार झालं. रेकॉर्ड करताना ते इतकं लांबलं की तबकडीच्या दोन्ही बाजूंवर वाटून टाकावं लागलं. ते हुंकार काही रेडिओ स्टेशनांना सोसवले नाहीत, त्यांनी गाणं वाजवलंच नाही.

चर्चचं सोवळं गाणं बाजारात बाटलं, अशी हळहळ तेव्हाही होती, आजही कुठे कुठे असते. मला त्यात दम वाटत नाही. गॉस्पेलला, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांना, आजचं रूप देणारा टॉमस डॉर्सी स्वतः आधी ब्लूज या चर्चबाहेरच्या गाण्यांचा पियानोवाला होता, 'जॉर्जिया टॉम' नावाने चावट गाणी वाजवायचा. 1932 मध्ये बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं, आणि त्या दुःखात त्याने 'प्रेशियस लॉर्ड' लिहिलं. त्याच्या रचनांना सुरुवातीला कित्येक चर्चनी दार बंद केलं होतं. हे तर दारूच्या अड्ड्यावरचं गाणं, म्हणून. तेव्हा कोण कुणाला बाटवतंय? जाणं-येणं दोन्हीकडून होतं. आपल्याकडे राम जोशी लावणी सोडून कीर्तनाकडे वळले, तिकडे सोल गायक अल ग्रीन भर लोकप्रियतेत मेंफिसमध्ये स्वतःचं चर्च काढून पाद्री झाला. सॅम कुक गेला उलट दिशेने. सोल स्टिरर्समध्ये भक्तिगीतं गाणाऱ्या या देखण्या पोराने 1956 मध्ये पहिलं प्रेमगीत 'डेल कुक' अशा खोट्या नावाने काढलं. आवाज लपतो थोडाच? श्रोत्यांनी लगेच ओळखला.

त्याची स्टुडिओतली गाणी मऊ, इस्त्री केलेली. पण 1963 च्या जानेवारीत मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये तो गायला, ते रेकॉर्डिंग ऐकावं. घसा खरवडून निघालाय, समोरचे लोक त्याच्या आधी ओळ म्हणताहेत, आणि तोही त्यांना म्हणू देतोय. कंपनीने हे रेकॉर्डिंग 1985 पर्यंत बाहेर काढलं नाही. इस्त्री बिघडेल ही भीती असावी, असा माझा कयास.

आणि 1972 ची ती लॉस एंजेलिसमधली चर्च. जानेवारीतल्या दोन रात्री अरीथा तिथे फक्त भक्तिगीतं गायली. चित्रपट दिग्दर्शक सिडनी पोलॅकने चित्रीकरण केलं, पण क्लॅपर, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला वाजवायची फळी, वापरलाच नाही, त्यामुळे आवाज आणि चित्र जुळेना. फिल्म लोकांसमोर आली ती थेट 2018 मध्ये. मागे चंदेरी जाकिटांतला गायकवृंद. 'अमेझिंग ग्रेस' चालू असताना जेम्स क्लीव्हलंड, एवढा मुरलेला गवई, पियानो सोडून तोंड झाकून रडतो. दुसऱ्या रात्री अरीथा पियानोवर बसून गात असते, घामाने निथळत असते, आणि वडील उठून रुमालाने तिचा चेहरा पुसतात. ती थांबत नाही, डोळेही उघडत नाही. हे दृश्य मी घरच्यांना इतक्यांदा दाखवलंय की आता मी फोन हातात घेतला तरी मुलगा खोलीतून उठून जातो.

यातल्या कुठल्याच चर्चमध्ये मी कधी बसलेली नाही, माझा आणि बॅप्टिस्ट पंथाचा काडीचा संबंध नाही. तरी जुनं सोल ऐकताना हुरहुर लागते ती त्या खोल्यांची, जिथे गाणाऱ्याला मध्येच उत्तर मिळायचं. आता एकच गायिका रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचाच आवाज एकावर एक असा आठ वेळा चढवते आणि मागचा कोरसही आपणच होते, हे मला एकाकी वाटतं. असं मी ठासून म्हणते खरी, पण गायक मार्विन गे आडवा येतो. तोही पाद्र्याचाच मुलगा. 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये तो स्वतःलाच ओ देतो. इंजिनिअरने त्याचे दोन टेक चुकून एकदम वाजवले, त्याला ते आवडलं आणि तसंच ठेवलं. ते गाणं तर मला जिवापाड आवडतं. फक्त एवढं सांगते, त्याच्या सुरुवातीला हसत-बोलत गलका करणारे जे लोक ऐकू येतात, त्यांत डेट्रॉइटच्या फुटबॉल संघातले त्याचे दोस्त आहेत. गाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी त्याने त्यांना मुद्दाम स्टुडिओत बोलावून घेतलं होतं.