लिंगुडा, सासूबाई आणि वरून शेव

आमच्या वरच्या मजल्यावर गढवालची फॅमिली राहते. मागच्या जूनमध्ये भाभी माहेराहून इंदूरला परत आल्या आणि ओल्या पेपरात गुंडाळलेली एक जुडी माझ्या हातात ठेवली, म्हणाल्या लिंगुडा है, आज ही बना लेना. उघडून बघते तर हिरवे देठ, टोकाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी आणि त्यावर तपकिरी लव.

सासूबाई म्हणाल्या, "अगं हे तर नेचं! आमच्या बावडीत हंसराज उगवायचा त्यातलंच काहीतरी, हे काय खायचं?"

तर हंसराज वेगळा, या नेच्याचं शास्त्रीय नाव डिप्लाझियम एस्क्युलेंटम, पहाडात ओढ्याकाठी सावलीत ओलाव्यात उगवतं. आसामात ढेकिया, दार्जिलिंग-सिक्कीमकडे निंग्रो, जम्मूकडे कसरोड म्हणतात आणि तिकडे त्याचं लोणचंपण घालतात. फुलं नाहीत बिया नाहीत, पानामागच्या बीजाणूंवर सगळा कारभार. आणि खायचं ते फक्त गुंडाळी असेपर्यंत, पान उलगडलं की देठ चिवट.

मी शहाणी, दुसऱ्या दिवशी करू म्हणून फ्रिजमध्ये टाकलं. सकाळी बघते तर चार-पाच गुंडाळ्या सैल पडलेल्या. त्या टाकल्या, उरलेल्यांची लव चोळून चोळून काढली (अर्धा तास, नखं काळी झाली), मीठ घालून उकळलं, ते पाणी ओतून दिलं. कच्चं अजिबात नाही खायचं असं भाभींनी बजावलं होतं. मग मोहरीच्या तेलात जखियाची फोडणी. ही जखिया म्हणजे आपली पिवळी तिळवण बरं का, आपल्याकडे तण म्हणून उपटतात आणि गढवालात बिया फोडणीला! तडतडतात मस्त.

चव? भेंडीसारखा किंचित चिकटपणा, पण कुरकुरीत. मला तरी शेवग्यापेक्षा आवडली.

पावसाळ्यात इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्याला गेलो तेव्हा खडकावर गुंडाळ्या दिसल्या आणि लेक लगेच पिशवी मागायला लागला. नाही म्हटलं. दिसायला सगळी नेची सारखीच आणि ब्रॅकन नावाच्या एका नेच्यात तर कॅन्सर करणारं द्रव्य असतं, गुरंसुद्धा आजारी पडतात. ओळखणारं कोणी बरोबर नसेल तर हात लावायचा नाही.

आणि हो, त्या दिवशी सासूबाईंनी दोनदा भाजी घेतली. वरून शेव घालून.